दिवाल्याच्या दारावर

सुदाम,

आयुष्यभर तुझ्या नावानं मी दुसऱ्यांसाठी शोकसंदेश लिहिले. कोणी गेल्याची बातमी आली की तू डोळे मिटून बसायचास आणि मी कागद ओढायचो. गायक असो, उद्योगपती असो, विरोधी पक्षाचा जुना आमदार असो, माझ्याकडे साचा तयार असायचा. व्यक्तिमत्त्व हरपायचं, पोकळी निर्माण व्हायची आणि ती भरून निघायची नाही. एकदा तू वैतागून म्हणालास, "रमण, राज्यमा कितल्या पोकळ्या करशी रे? उभं ऱ्हावाले जागा नही ऱ्हायनी." मी हसलो आणि पुढच्या संदेशात पुन्हा पोकळी केली.

आता जिल्ह्यातल्या वर्तमानपत्राला तुझ्यावर विशेष पान काढायचं आहे. संपादक मुलगा सभ्य आहे. म्हणाला, काका, तुमच्याएवढं साहेबांना कोणी ओळखत नव्हतं, तुम्हीच लिहा. म्हसावदच्या शाळेत एका बाकावर बसणारी दोन पोरं मंत्रालयापर्यंत कशी पोचली, एक मुख्यमंत्री झाला आणि दुसरा त्याचा पीए, हे त्याला हवं आहे. खरं तर ते लिहायलाही मला आवडलं असतं. पण ते लिहायला बसलो की हात एकाच ठिकाणी येऊन थांबतो. तू ज्या एका दारावर गेला नाहीस, तिथे.

आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरी दारावर बसायला जावं लागतं. लग्नाला नाही गेलं तर चालतं, काहीतरी कारण सांगता येतं. दारावर न जाण्याला कारण नसतं. जो येत नाही त्याच्या मनात काहीतरी आहे, असंच घर धरून चालतं. ही गोष्ट तुझ्याएवढी पाळणारा माणूस मी पाहिला नाही. उद्घाटनं मी रद्द करायचो, तू हूं की चूं करायचा नाहीस. दारावर जायचं रद्द केलं की भडकायचास. माझी निर्मला गेली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्याच्या हाती सोपवून तू आलास आणि माझ्या ओसरीवर, सतरंजीवर, इतर माणसांत मिसळून बसलास. माझी चुलती तुला ओळखेना, तिनं तुला जरा सरकून बसायला सांगितलं आणि तू सरकलास. त्या दुपारी तू माझ्यासाठी जे केलंस ते कशात मोजायचं मला माहीत नाही. आणि त्याच तुझ्याशी मी पुढे खोटं बोललो.

तू गेलास त्यानंतर तुझ्या दारावर माणसं यायला लागली. मुंबईची मोठी माणसं पहिल्या दिवशी येऊन गेली, नंतर आपली यायला लागली. तापीकाठची सगळी गावं, नंदुरबार, शहादा, खांडबाऱ्याहून रेल्वेनं आलेली म्हातारी माणसं. मी तुझ्या मुलाशेजारी बसून होतो. आपला वर्गमित्र नथ्थू काठी टेकत आला, बसला आणि जरा वेळानं त्यानं सुरू केलं, "मुख्यमंत्री झाया, पन केळीना घड उचलाना म्हटला की कंबर धरीसन बठे. भाषण मात्र शेतकरीस्नावर दोन-दोन तास." दारावर हसू नये, पण सगळे हसले. कमलवहिनी आत होत्या, त्याही हसल्या. मला वाटलं, बरं चाललंय, सुदामला हे आवडलं असतं.

तेवढ्यात दिवाल्या आला.

मी त्याला ओळखलं नाही. सुकलेला, उंच माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मागे बायको. डोंगरातून तळोद्यापर्यंत जीप, तिथून एसटी, असा आला होता. तळोद्याच्या बाजारात त्याला कळलं होतं तू गेल्याचं. तो सतरंजीच्या कडेला बसला, पाणी घेतलं. तुझ्या मुलानं विचारलं, दादा, कुठून आलात? त्यानं गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "मी सरलाचा बाप."

ओसरीवरच्या निम्म्या लोकांना ते नाव आठवत नव्हतं. मला आठवत होतं. आणि आतून कमलवहिनी पदर सावरत बाहेर आल्या, म्हणजे त्यांनाही आठवत होतं.

दिवाल्या कोणाकडे न बघता म्हणाला, "साहेब आमच्या दारावर नाय आले. आमी म्हटलं, आपण जाऊन येऊ."

वहिनी दारातच थांबल्या. म्हणाल्या, "दादा, तुम्हीच ना नको सांगेल व्हतं? येवानं नही म्हनीसन?"

"कोन? आमी?" त्यानं बायकोकडे पाहिलं. "आमी कोनाला नाय सांगलं, बाई. दारावर येनाऱ्याला कोन नको सांगतं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "रमणभाऊ, हाऊ काय म्हनी ऱ्हायना? तुम्हीच निरोप आनेल व्हता ना?"

सुदाम, तुझा फोटो तिथे होता, त्याला हार होता. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "निरोप मधल्या माणसाकडून आला होता. त्यातच काही गफलत झाली असेल."

सहज निघालं तोंडातून. सरकारात असताना निघायचं तसं. मधला माणूस कोण, हे कोणी विचारलं नाही. दिवाल्या "असं होय" म्हणाला. थोडा वेळ बसला, मग तळोद्याची जीप सुटेल म्हणून उठला. जाताना त्यानं मला हात जोडले.

तुझ्याशी मी जे खोटं बोललो ते तुझ्या सत्तेसाठी होतं, निदान तशी समजूत मी करून घेतली होती. तुझ्या दारावर, तू गेल्यावर, मी ते पुन्हा बोललो, ते कोणासाठी? त्या दिवसापासून मी नीट जेवलेलो नाही. म्हणून आता पहिल्यापासून सांगतो. यातलं थोडं तुला ठाऊक आहे. जे ठाऊक आहे तेही तुला खोटंच ठाऊक आहे.

तळोद्याच्या वर घाट चढून गेल्यावर जे रुग्णालय आहे, त्याचं भूमिपूजन होतं. तू हेलिकॉप्टरनं येणार होतास. आदल्या आठवड्यात तालुक्याचा अधिकारी मला फोनवर म्हणाला, थंडी आहे, माणसं कामावर गुजरातेत गेलीत, गर्दीची खात्री देता येत नाही. मी त्याला म्हणालो, "ते मला सांगू नका. मंडप रिकामा दिसता कामा नये." एवढंच. पोरं आणा, असं मी म्हटलं नव्हतं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा मनात म्हटलं आहे की आता त्याचा मला वीट आला आहे. माझ्या खुर्चीतून म्हटलेलं ते वाक्य खाली उतरत गेलं की त्याचं काय होतं, हे मला माहीत होतं. माझी सगळी नोकरी त्यावरच चालली होती. तुझ्या कानावर न घालता गोष्टी होतील, आणि कशा झाल्या ते मलाही विचारावं लागणार नाही, अशी ती पद्धत. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकानं नाचाची पोरं पिकअपमध्ये भरून पाठवली. वळणावर पिकअप उलटली. बाकीची जखमी झाली आणि दिवाल्याची सरला गेली. सातवीतली.

तू हेलिकॉप्टरमधून उतरलास तेव्हा मला ही बातमी कळलेली होती. मी तुला सांगितलं, आश्रमशाळेची काही पोरं शनिवारची घरी चालली होती, त्यांची गाडी उलटली, एक मुलगी गेली. तू तिथल्या तिथे भाषण रद्द केलंस, कुदळ मारलीस आणि खाली नंदुरबारच्या विश्रामगृहावर आलास. गाडीत मला म्हणालास, "शनिवारनी सकाळनी शाळा ऱ्हास ना रे? घर कशी चालनीत सकायमा?" मी म्हणालो, आज लवकर सोडली. तू मान हलवलीस. माझी तू कधी उलटतपासणी केली नाहीस. तू ती केली असतीस तर मी तेव्हाच सापडलो असतो, आणि आज आपण दोघं सुटलो असतो.

विश्रामगृहावरचं ते भांडण तुला आठवत असेल. तू चप्पल घालून उभा होतास.

"गाडी काढ. वर जाऊत."

"आज नको."

"काबरं नको? पोर गई त्यानी. मी आठे चहा पीत बठू?"

मी म्हणालो, तिथे कॅमेरे पोचलेत. आज गेलास तर उद्या म्हणतील, सरकार गुन्हा कबूल करून आलं. अधिवेशन तोंडावर आहे.

"म्हनू दे. मी गुन्हा कबूल कराले नही जाई ऱ्हायनू. दारवर जाई ऱ्हायनू."

"मुख्यमंत्र्याला दोन्ही एकच असतं, सुदाम."

"ते तुन्हा मुख्यमंत्रीले सांग. मन्हा बापनी माले हाई नही शिकाडं." आणि मग जरा चिडून, "दारवर जावाले आते तुन्ही परवानगी लागस का?"

तू जाणार होतास. मला ते दिसत होतं. वर गेलास की दिवाल्या तुला सांगणार होता, पोरं तुमच्याच सभेला चालली होती साहेब. कॅमेऱ्यांसमोर सांगणार होता. मग कोणी बोलावली, कोणी सांगितलं, असं होत होत ते माझ्या फोनपर्यंत आलं असतं. मी सरकार वाचवतोय असं मी स्वतःला सांगत होतो. पण वाचवत होतो मी मलाही, आणि कोणाला जास्त, ते आता लपवण्यात अर्थ नाही.

मी व्हरांड्यात गेलो. फोन कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं. आत येऊन मी तुला म्हणालो, "सुदाम, बापाचा निरोप आलाय. साहेबांना सांगा, आमच्या दारावर येऊ नका."

मला तुझा स्वभाव माहीत होता, म्हणून मी नेमकं तेच खोटं निवडलं. रस्ता बंद आहे म्हटलं असतं तर तू चालत निघाला असतास. पोलीस नको म्हणतात म्हटलं असतं तर तू पोलिसांना झापलं असतंस. पण एखाद्यानं आपलं दार लावून घेतलं, तर ते ढकलून आत जाणारा माणूस तू नव्हतास.

"त्यानी सोता सांगं?"

"हो."

तू खुर्चीवर बसलास. वाकून चप्पल काढलीस. म्हणालास, "बराबर शे त्यानं. मी त्याना जागावर ऱ्हातू ते मी बी नको म्हनतू."

सुदाम, मी माणसं खोटं ऐकताना खूप पाहिली आहेत. ती चिडतात, संशय घेतात, हसतात. तू ते खोटं ऐकून दुसऱ्या माणसाची बाजू घेतलीस. तुझ्या खाली वाकलेल्या मानेकडे पाहत मी उभा होतो आणि माझ्या मनात त्या वेळी पहिल्यांदा काय आलं असेल? झालं, हे निभावलं. असं आलं.

पुढचं सगळ्या राज्याला माहीत आहे. सभागृहात विरोधकांनी विषय काढला. तू निवेदन वाचलंस, मी लिहिलेलं, की सदर विद्यार्थी सुट्टीसाठी घरी जात होते. मग एका वार्ताहरानं फोटो छापला. रस्त्याच्या कडेला निजवलेली पोरं, आणि त्यांच्या पायांत घुंगरं. सुट्टीला घरी जाताना कोणती पोरं घुंगरं बांधतात? मुख्यमंत्री सभागृहात खोटं बोलला, एवढं एकच वाक्य उरलं, आणि त्याला उत्तर नव्हतं.

तू मला खोलीत बोलावलंस. दार लोटून घेतलंस. "तुले ठाऊक व्हतं का, रमण?"

मी म्हणालो, "नाही. खालून मला चुकीची माहिती दिली."

मी त्याच वेळी राजीनामा पुढे केला होता, हे लोकांना माहीत आहे, आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं. तू तो घेतला नाहीस. म्हणालास, "तुले काढं ते लोक म्हंतीन, पीएनी करं. वाचनू मी ना? मन्हा तोंडनं वाचनू." आणि तू स्वतःचा दिलास. सभागृहात म्हणालास, माहिती माझ्या कार्यालयाची होती, कार्यालय माझं आहे. एक शब्द इकडेतिकडे केला नाहीस. मुख्याध्यापक मात्र निलंबित झाला. त्याला पुढे कामावर घेतलं, पण तो माणूस पुन्हा ताठ उभा राहिलेला कोणी पाहिला नाही. त्याच्या दारावर जाऊन माफी मागायचीही सोय राहिली नाही. तो गेला, घरचे सुरतेला गेले.

मुंबई सोडून तू गावी आलास तेव्हा मीही आलो. लोक म्हणायचे, काय ही जोडी, सत्ता गेली तरी सोबत सुटली नाही. मला निराळंच वाटायचं. तुझ्यापासून लांब गेलो असतो तर तू कधीतरी दुसऱ्या कोणाशी बोलला असतास, कोणी तुला वर घेऊन गेला असता. मी पहाऱ्यावर होतो. आणि तरीही, खोटं सांगत नाही, तीच वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. सकाळी तुझ्या केळीत चक्कर, मग तुझ्या घरी चहा, मग पेपरातल्या प्रत्येक मंत्र्याला तुझ्या शिव्या. वहिनी म्हणायच्या, "तुम्ही दोन्ही एकच ताटमा जेवतस, मंग भाजीनं माले काबरं इचारतस?" मी खाल्लं ते सगळं अन्न तुझ्या घरचं. तू मला वाढलंस आणि मी जेवलो.

तळोद्याला कुठलं काम निघालं की तू गाडी बाजाराच्या पुढे, जिथून डोंगराचा रस्ता चढतो, तिथे थांबवायला सांगायचास. खाली उतरायचा नाहीस. जीपा भरून वर जाताना बघत बसायचास. मग म्हणायचास, "आते तरी इचारी पाय ना त्याले." आणि मी म्हणायचो, विचारलं होतं, अजून त्याचं मन नाही. मी कधी विचारलं नव्हतं, सुदाम. एकदाही नाही. तू ड्रायव्हरला म्हणायचास, चल. आपण परत यायचो.

शेवटच्या आजारात, दुपारी, तुला जरा बरं वाटत होतं. खिडकीतून ऊन येत होतं. तू म्हणालास, "दिवाल्यानी पोर कितवीमा व्हती रे?"

"सातवीत."

"जित्ती ऱ्हाती ते आते तिले बी पोरंसोरं ऱ्हातात."

मी तुझ्या पायाशी बसलो होतो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सांगायला याच्याइतकी चांगली वेळ कोणाला मिळते? मी तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता सांगितलं तर हा चिडेल, याला त्रास होईल, मोकळा मी होईन आणि ओझं हा घेऊन जाईल. असं वाटलं खरं. पण मी भ्यालो होतो, हेही तितकंच खरं. आपल्यातलं शेवटचं बोलणं भांडणाचं होऊ नये, एवढाच स्वार्थ. तू डोळे मिटलेस. मी तुझं पांघरूण सारखं केलं.

तेरावं होईपर्यंत मी थांबलो. मग वहिनींकडे गेलो. त्या मागच्या पडवीत मिरच्यांची देठं खुडत होत्या, मजुराला ठिबकच्या नळीबद्दल काहीतरी सांगत होत्या. मजूर गेला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, आता तुला सांगितलं तसंच. त्यांचे हात मध्येच थांबले, मग पुन्हा चालू झाले.

देठं खुडता खुडता तुझ्याबद्दल म्हणाल्या, "कितला डाव त्या माले म्हनेत, कमल, तो मानूस माले पायरी चढू देत नही. बराबर शे त्यानं. कितला डाव."

त्यांनी मिरच्या बाजूला सारल्या.

"निर्मलावहिनी गयात तव्हय त्या उनात ना तुम्हना दारवर?"

"आले होते."

"मंग?"

त्यांनी एवढंच विचारलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा निरोप आला, गाडी सांगा, वर जायचं आहे. घरातल्यांनी अडवलं. एवढ्यात बाहेर पडायचं नसतं, लोक काय म्हणतील. वहिनी म्हणाल्या, "त्या मुख्यमंत्री व्हतात तव्हय बी माले घरमाच बठाडं तुम्ही. आते तरी जाऊ द्या." मला म्हणाल्या, "तुम्ही पुढं बठा. रस्ता तुम्हलेच ठाऊक शे." मला रस्ता ठाऊक नव्हता. मी तिथे कधी गेलोच नव्हतो. घाटात दोन ठिकाणी उतरून विचारावं लागलं.

दिवाल्याचं घर टेकडीच्या उतारावर आहे. अंगण स्वच्छ सारवलेलं. सरलाच्या आईनं वहिनींना पाहिलं आणि हात धरून आत नेलं. मी आणि दिवाल्या बाहेर. त्यानं मला खाट दिली. मी बसलो नाही, आधी सांगितलं. मधला माणूस कोणी नव्हता, मीच होतो. साहेब यायला निघाले होते, चप्पल घातली होती, मी तुमच्या नावानं खोटं सांगून त्यांना बसवलं.

त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पोरं आना, असं तुमी सांगलं?"

"नाही. मंडप रिकामा दिसता कामा नये, एवढं म्हटलं."

"मग पोरं आना कोन बोललं?"

"कोणीच नाही, दादा. पण त्याचा अर्थ तोच होता. मला कळत होतं."

आतून बायकांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. वहिनींना त्यांची भाषा येत नाही आणि तिला वहिनींची. तरी दोघी बोलत होत्या.

"आमी वाट पायली," दिवाल्या म्हणाला. "अंगनवाडीतून खुर्ची आनून ठेवली होती. मोठा मानूस, खाली कसा बसंल. बाई रोज अंगन झाडायची. मग खुर्ची परत दिली." पुढे म्हणाला, "लोक बोलले, तो नाय येनार. आदिवासीच्या घरचं पानी त्याला चालत नसंल. आमी पन तेच बोललो. लय बोललो साहेब. बाजारात, होळीला, दारू पिऊन, न पिता. त्याच्या नावानं शिव्या घातल्या. ह्या घराच्या पोरांना तेच सांगलं."

मी उभाच होतो.

"आता तुमी सांगता, तो येत होता." त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, खरोखर विचारत होता. "मग ते बोललेलं परत कसं घ्यायचं?"

सुदाम, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी आयुष्यभर उत्तरं तयार करत आलो. तुझ्याबद्दल त्या डोंगरात असं बोललं जात होतं, हे मला ठाऊकही नव्हतं. तुझं पद माझ्यामुळे गेलं हे मला माहीत होतं आणि त्याची सवय झाली होती. पण कोणाच्याही ओसरीवर सरकून बसणारा तू, तुला तिथली पोरं पाण्याचा विटाळ मानणारा म्हणून ओळखत मोठी झाली, हे मी केलं आहे. तुझ्या पदाचं वर्तमानपत्रात येऊन गेलं. याचं कुठेच आलं नाही.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचं जेवण झालं होतं. मला कोणी जेव म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं. दिवाल्या गाडीपर्यंत आला, वहिनींसाठी. गावाच्या अलीकडे वहिनी म्हणाल्या, "पेपरमा लिखनार शेत ना तुम्ही?"

"हो. सगळं लिहीन."

"लोकसले मंग सांगा. पहिले त्यासले सांगा."

म्हणून हे तुला लिहिलं. संपादकाला हेच देणार आहे, बदल न करता. त्यानं छापलं नाही तर तळोद्याच्या बाजारात उभा राहून वाचीन. तिथे वरची माणसं येतात, आणि त्यांनाच हे कळायला हवं. माझ्याबद्दल ते काय म्हणतील ते म्हणोत. तू मला माफ करशील का, हे मी विचारत नाही, कारण तू केलं असतंस, आणि तेच मला नको आहे.

तुझी फक्त एक समजूत चुकीची राहिली, ती तेवढी दुरुस्त करून घे. दिवाल्यानं तुला येऊ नको म्हटलं नव्हतं. त्या घरात तुझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती.

रमण